मालकीणबाईंची आरास

शहापूरच्या आमच्या घरमालकीणबाईंची एक भुवई खरी होती आणि एक काढलेली. उजवी भुवई एका जपानी बाहुलीपायी गेली. सेल्युलॉइडच्या त्या बाहुलीचा हात मऊ करून मागे वळवायचा होता, म्हणून बाईंनी ती दिव्याजवळ नेली आणि बाहुली भपकन पेटली. हात भाजला तो महिन्याभरात बरा झाला, भुवई मात्र पुन्हा उगवली नाही. तेव्हापासून रोज आंघोळ झाली की त्या काजळाने उजवी भुवई काढत. आरसा घेत नसत, त्यामुळे ती रोज निराळी यायची. कधी कपाळावर चढलेली, कधी कानाच्या दिशेने निघालेली. त्यांच्याशी बोलणाऱ्याला वाटे, आपण काही भलतंच बोललो आणि बाई चकित झाल्या. तसं काही नसे. मी त्यांच्या घरात दीड वर्ष राहिले, त्यांना खरोखर चकित झालेलं एकदाही पाहिलं नाही.

ही गोष्ट दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची. माझं लग्न होऊन सहा महिने झाले होते. यजमान मामलेदार कचेरीत कारकून. त्यांची शहापूरला बदली झाली आणि मी साताऱ्याकडची मुलगी ट्रंक आणि वळकटी घेऊन या भातशेतीच्या मुलखात आले. बाजारपेठेच्या मागच्या आळीत बाईंचं कौलारू घर होतं. पुढे ओटी, मधे माजघर, मागे पडवी आणि विहीर. डाव्या अंगाच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या. पहिल्याच दिवशी चूल सारवायला कोंडा हवा होता. बाई म्हणाल्या, "पडवीत डबा हाय, घे त्यातला." मी झाकण काढून हात घातला आणि हाताला लागलं ते डोकं. कोंड्यात नऊ मुंडकी पुरलेली होती. गुलाबी गालांची, निळ्या डोळ्यांची. मी ओरडले. बाई आतूनच म्हणाल्या, "त्यातली चपटी असंल ती बाजूला काढ गो. तिला आज नाग करायचाय."

ही त्यांची करणी सगळ्या शहापूरला माहीत होती. त्यांच्या यजमानांचं पेठेत कटलरीचं दुकान होतं. फण्या, बांगड्या, गंगावनं, आणि मुंबईहून आणलेली खेळणी. पत्र्याच्या किल्लीच्या कोंबड्या, चिनी मातीची कुत्री, जपानी बाहुल्या. एक दिवस ते त्र्यंबकला जाऊन येतो म्हणून निघाले ते आलेच नाहीत. मी गेले तेव्हा त्याला नऊ वर्षं झाली होती. सहा महिन्यांनी दुकान बंद झालं आणि न खपलेला, मोडका माल तीन पेट्यांतून घरी आला. बाई त्या पेट्यांसमोर बसल्या आणि त्यांनी पहिल्यांदा पत्र्याच्या दोन कोंबड्या कापून एक दोन तोंडांचा पक्षी केला. किल्ली फिरवली की तो दोन्ही तोंडांनी दोन दिशांना टोचे मारी आणि जागच्या जागी गोल फिरे.

माहेर सोनाराचं असल्यामुळे लाख, सांधायचा डाक, फुंकणी यांत त्यांचा हात लहानपणापासून बसलेला होता. दुपारी जेवणं झाली की त्या पडवीत पाटावर बसत. एका बाजूला निखाऱ्याचं घमेलं, दुसऱ्या बाजूला सुपात पिसं, मोत्यांच्या फुटक्या माळा, माशांचे वाळवलेले खवले. खवले त्या बाजारातल्या कोळणीकडून आणत. मासळी न घेता नुसते खवले मागणारी ही एकच बाई, असं ती कोळीण सगळ्यांना सांगे. बाहुली हातात घेतली की पहिल्यांदा तिचं डोकं काढायचं, हा त्यांचा नेम. "मान आधी," असं म्हणत आणि अंगठ्याने टक् करून मुंडकं उडवत. मग धड उलटंपालटं करून बराच वेळ बघत राहात. त्या वेळी कुणी काही विचारलं तर उत्तर मिळत नसे. घोड्याच्या तोंडाची बाई, मोराच्या पायांचा सिंह, कमरेपासून खाली मासोळी झालेला शिपाई. शिपायाच्या डोक्यावरची टोपी आणि खांद्यावरची बंदूक त्यांनी तशीच ठेवली होती. "पाण्यात गेला म्हणून नोकरी सुटते काय?" त्या म्हणाल्या.

एकदा मी विचारलं, "हे सगळं कशासाठी करता?"

"बाहुली म्हंजे बाहुली. बघितली नि झालं. हे बघितलं की माणूस विचारतो तरी, हा कोण?"

"आणि हा कोण आहे?"

"मला काय माहीत? तूच बघ."

मोडकं खेळणं दुरुस्त करून द्या म्हणून मुलं यायची. बाई घ्यायच्या, पण दुरुस्त म्हणून काही परत आलं असं कधी झालं नाही. समोरच्या वाण्याच्या मुलीने चाक निखळलेली लाकडी गाडी दिली, तिला आठ दिवसांनी मगर मिळाली. मुलीची आई तावातावाने आली. "आमी गाडी दिली होती, गाडी पाहिजे." बाई म्हणाल्या, "चाकं हायत ना? तिच्या पोटाखाली बघ." चाकं होती. मुलीने मगर परकराच्या ओच्यात धरली होती आणि ती काही केल्या परत द्यायला तयार नव्हती. शेवटी आईच घरी गेली.

बाईंना अक्षर येत नव्हतं. पण पुराणं त्यांनी कान देऊन ऐकली होती. चातुर्मासात देवळात आळीतले भटजी पोथी सांगत. बाई पुढे बसत आणि मधेच शंका काढत. गंगेच्या मकराला पाय किती, असं त्यांनी एकदा विचारलं. भटजी म्हणाले, पायांचा उल्लेख पोथीत नाही. "मग तो किनाऱ्यावर येतो कसा?" भटजींनी पोथी मिटली आणि त्या दिवशीचं पुराण लवकर संपलं. त्याच आठवड्यात बाई एकट्या स्टेशनवर गेल्या, कल्याणला गाडी बदलून अंबरनाथला उतरल्या आणि तिथल्या जुन्या देवळाभोवती दिवसभर मान वर करून हिंडल्या. कुणीतरी सांगितलं होतं की भिंतीवर असली जनावरं कोरलेली आहेत. संध्याकाळी परत आल्या तेव्हा मान इतकी आखडली होती की सगळं अंग वळवून बोलत होत्या. मी विचारलं, "दर्शन झालं का?" तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की त्या आत गेल्याच नव्हत्या.

"चार," त्या म्हणाल्या. "मकराला पाय चार. भटजींना सांग."

मी सांगितलं नाही. भटजींच्या घरी जायची मला भीती वाटे, ती भटजींची नव्हे, वहिनींची. भटजींच्या बायकोला सगळी आळी वहिनी म्हणे. अंगाने किरकोळ, आवाज बारीक, पण कुणाच्या घरी काय शिवलं, कुणी काय पाळलं नाही, हे वहिनींच्या तोंडून एकदा आलं की त्याच्यावर दुसरं मत नसे. बारशाला कुणाला बोलवायचं, सुतक किती दिवसांचं, वाटल्या डाळीत लसूण चालतो का, सगळं त्यांना विचारून. माझ्यासारख्या नव्या मुलीला त्या पायाच्या नखापासून केसांपर्यंत बघत आणि मग म्हणत, "बरी आहे."

चैत्रात घरोघर गौर बसे आणि हळदीकुंकवं सुरू होत. गौर झोपाळ्यावर, समोर पायऱ्यांची उतरंड, तिच्यावर घरातली खेळणी, चित्रं, शंख, काचेची भांडी मांडायची आणि आळीतल्या बायकांनी ती बघायला यायचं. बाकीच्या घरी आरास म्हणजे तीच चार लाकडी फळं आणि तीच कृष्णाची चित्रं. बाईंच्या पायऱ्यांवर मात्र खालपासून वरपर्यंत ही प्रजा बसलेली असे. दर वर्षी जुनी काही मागच्या रांगेत जात आणि पाचसात नवी पुढे येत. बायका डाळ खाता खाता नावं ठेवीत. "गौरीपुढं कसलं हे अभद्र!" असं कोणीतरी म्हणेच. वहिनी तर दर वर्षी म्हणत. पण पाठीमागचं नीट दिसावं म्हणून पुढचं एखादं खेळणं बोटाने बाजूला सारताना मी त्यांनाच पाहिलं.

नावं ठेवण्याचा दुसरा विषय बाईंचं कुंकू हा होता. नवरा नऊ वर्षं नाही, पत्र नाही, निरोप नाही. तो आहे की नाही कुणालाच सांगता येत नव्हतं. मुरबाडला त्यांचे धाकटे दीर होते. ते दोन महिन्यांनी येत आणि ओटीवर बसून सांगत, "वैनी, आता किती दिवस वाट बघणार? शास्त्रापरमाने काय ते करून टाकू, घराचं पण मार्गी लागंल." बाई आतून म्हणत, "तुमाला कोणी सांगितलं का, ते गेले म्हणून?" "नाय." "मग मला पण नाय सांगितलं." आणि रोज सकाळी भुवई काढून झाली की त्याच हाताने रुपयाएवढं कुंकू लावत. ते मात्र रोज बरोबर मधोमध असे.

दुसऱ्या वर्षीच्या माघात त्यांनी जाहीर केलं की यंदा कामधेनू करणार. बाईचं तोंड, गाईचं अंग, पंख आणि मोराची शेपटी. अभद्र म्हणायला कुणाला जागाच ठेवायची नाही असं त्यांच्या मनात असावं. तोंडासाठी त्यांनी कपाटावरची पेटी खाली काढली. तिच्यात एक मोठी विलायती बाहुली होती. खऱ्या केसांची, आडवी केली की डोळे मिटणारी. दुकानात ती काचेत उभी असे. इतकी महाग की शहापुरात ती घेणारं कोणी नव्हतं. नवऱ्याने निघताना बाईंना शेवटचं सांगितलं ते हिच्याचबद्दल. "कोणी मागितली तर कमी भावात देऊ नको." एवढं बोलून ते गेले. दहा वर्षं त्या बाहुलीला बाईंनी हात लावला नव्हता.

ती त्यांनी मांडीवर घेतली, पण मान आधी असं म्हटलं नाही. दोन दिवस बाहुली पडवीत तशीच पडून होती. तिसऱ्या दिवशी मी विहिरीवरून आले तेव्हा मुंडकं कोंड्यात होतं आणि बाई लाकडी गाईचा गळा कानशीने घासत होत्या.

मला तेव्हा सातवा महिना होता. सासूबाईंना कोणीतरी कळवलं असावं, कारण त्यांचं पत्र आलं. असल्या विद्रूप आकृत्या गरोदर बाईने बघू नयेत, मूल तसंच होतं, तेव्हा घर बदला. मी ते बाईंना वाचून दाखवलं. लपवण्यासारखं मला काही वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "बरोबर हाय त्यांचं. तू बघू नको. तिकडं तोंड करून बस." त्यानंतर मी पडवीत त्यांच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसे, आणि त्या मागून मला सांगत, आता पंख लावला, आता शेपटी. शेपटीला पिसं कमी पडली तेव्हा मीच यजमानांकरवी डोंगराकडच्या वैशाखरे गावातल्या एका कुळाकडून मोराची पिसं मागवली.

बाईंचं हळदीकुंकू शुक्रवारी ठरलं. आदल्या दिवशी बोलावणी झाली. शुक्रवारी सकाळी मी पाट्यावर डाळ वाटत होते. पोस्टमनने ओटीवर कार्ड टाकलं. बाई ते घेऊन आत आल्या. हात ओले होते म्हणून कडेला धरून त्यांनी ते माझ्यापुढे केलं. कार्डाचा कोपरा फाडलेला होता. कोपरा फाडलेलं कार्ड कशाचं असतं हे अक्षर न येणाऱ्यालाही कळतं.

"वाच."

मी आधी मनात वाचलं.

"मोठ्यानं वाच गो."

त्र्यंबकच्या एका धर्मशाळेतून कोणी लिहिलं होतं. आपले गृहस्थ गेली काही वर्षे येथे मुक्कामास होते. पौषात तापाने वारले. पुढचे सर्व येथेच उरकले. त्यांच्या पिशवीत पत्ता सापडण्यास वेळ लागला, म्हणून कळविण्यास उशीर झाला.

बाई उंबऱ्यावर बसल्या. पदराने हात पुसले. त्यांची भुवई त्या दिवशी खाली उतरलेली आली होती.

"पौष म्हंजे किती झाले?"

"तीन महिने होतील."

"तीन महिने." त्यांनी बोटांवर मोजून बघितले. मग म्हणाल्या, "त्र्यंबक काय लांब नाय. कसाऱ्याचा घाट चढला की झालं. इतकी वर्षं तिथंच होते म्हंजे."

मी कार्ड उंबऱ्यावर त्यांच्या शेजारी ठेवलं आणि पुन्हा डाळ वाटायला लागले. मी वीस वर्षांची होते.

"तीन महिने मी लावतेच हाय गो कुंकू," त्या म्हणाल्या. "आजची एक दुपार लावलं तर काय बिघडंल? बोलावणी गेलीत. डाळ भिजलीय." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू कोणाला सांगनार?"

"नाही."

"माझ्या हातचं घ्यायचं नसंल तर नको घेऊ. पोटुशी हायेस. माझं काय म्हणणं नाय."

त्यांनी कार्ड डाळीच्या डब्याखाली सारलं आणि गौरीच्या झोपाळ्याला दोरा बांधायला गेल्या. तो दोरा कामधेनूपर्यंत न्यायचा होता. झोका दिला की दोरा ताणला जाई, कामधेनूची मान मागे कलंडे आणि तिचे डोळे मिटत. सोडला की उघडत. सकाळभर दोरा कधी सैल पडत होता, कधी अडकत होता. त्या तो पुन्हा पुन्हा बांधत होत्या. रडल्या नाहीत. एकदा फक्त म्हणाल्या, "भाव कमी करू नको म्हणाले," आणि पुन्हा गाठ मारायला लागल्या.

वहिनी नेहमी सगळ्यांच्या शेवटी येत. मान म्हणून. त्या दिवशी त्या पहिल्या आल्या आणि आरशीसमोर बसावं तशा कामधेनूसमोर बसल्या. मग आळीतल्या बाकीच्या. बाई हळदीकुंकवाचं तबक घेऊन निघाल्या आणि पहिल्यांदा माझ्यापुढे आल्या. घरातली म्हणून, पोटुशी म्हणून पहिला मान माझा. त्यांनी बोट कुंकवात बुडवलं आणि थांबल्या. मी कपाळ पुढे केलं. ते धैर्य नव्हतं, हे मी आज सांगू शकते. मी मागे सरले असते तर सगळ्यांनी का म्हणून विचारलं असतं, एवढंच त्या वेळी माझ्या डोक्यात आलं.

त्या दुपारी बायका जितक्या हसल्या तितकं हसणं मी त्या घरात कधी ऐकलं नव्हतं. जी ती गौरीला झोका द्यायला बघे. कामधेनू डोळे मिटी, बायका "अगंबाई!" म्हणत. तिचे ओठ लालचुटुक, हनुवटीखाली गाईच्या गळ्याची पोळी लोंबती, पाठीवर पांढऱ्या कोंबडीचे पंख. वाण्याच्या मुलीने विचारलं, ही दूध देते का. बाई म्हणाल्या, "मागून बघ." वहिनींनी तीनदा झोका दिला. तिसऱ्यांदा दिला तेव्हा आपल्याकडे कोणी बघतंय का ते त्यांनी आधी पाहिलं. नंतर बारीक आवाजात म्हणाल्या, "डोळे मात्र अगदी खरे मिटते." त्या उठल्या त्या दिवेलागणीला, सगळ्यांच्या शेवटी.

सगळ्या गेल्यावर बाईंनी भांडी घासली, ओटी झाडली आणि विहिरीवर जाऊन डोक्यावरून आंघोळ केली. परत आल्या तेव्हा कपाळ पुसलेलं होतं. हाताला तेल लावून त्या एकेक बांगडी उतरवत बसल्या. बांगड्या फोडायच्या असतात एवढं मलाही माहीत होतं. मी दारात उभी आहे हे बघून त्या म्हणाल्या, "फोडून काय करू? काच कामाला येते."

दुसऱ्या दिवशी मोकळं कपाळ विहिरीवर कोणीतरी पाहिलं आणि अकराच्या सुमाराला आळी ओटीवर जमली. वहिनी पुढे होत्या.

"कार्ड कधी आलं?"

"काल," बाई म्हणाल्या.

"काल कधी?"

"सकाळी."

त्यांना 'संध्याकाळी' म्हणता आलं असतं. ओटीवर सगळ्या एकदम बोलायला लागल्या. वाण्याची बायको रडकुंडीला आली. "माझ्या सुनेची पहिली ओटी भरलीस गो तू! तुला काय वाटलं नाय?"

"चांगले हरभरे होते," बाई म्हणाल्या. "एक पण किडका नवता."

वहिनींनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि त्या माझ्याकडे वळल्या. "हिला वाचता येत नाही. मग कार्ड वाचलं कोणी? तुला माहीत होतं?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. माझ्या कपाळावर आदल्या दिवशीचंच कुंकू होतं.

"नाही," मी म्हटलं. "मला काही माहीत नाही."

मी बाईंकडे बघितलं नाही. त्यांचा आवाज मात्र ऐकला. "वाचायला कशाला लागतंय? कोपरा फाडलेला होता. तेवढं कळतं मला."

आठ दिवसांत आम्ही घर बदललं. यजमान म्हणाले, आपल्याला इथे नोकरी करायची आहे. त्यात त्यांचं चूक नव्हतं. आम्ही निघताना बाईंनी खोल्या हिंडून बघितल्या, आम्ही ठोकलेले दोन खिळे उपटायला लावले आणि म्हणाल्या, "पाट्याला टाकी लावून घे, खरखरीत राह्यला नाय तो." त्यापलीकडे काही बोलणं झालं नाही. पुढे दीर मुरबाडहून आले, पुढचं घर त्यांनी ताब्यात घेतलं, आणि बाईंकडे मागची पडवी राहिली. बाजारात त्या मला दोनतीनदा दिसल्या. मी भाजीकडे बघत राहिले. मला मुलगी झाली. दोन हात, दोन पाय, सगळं जिथल्या तिथे.

लढाईच्या दिवसांत आमची बदली मुरबाडला झाली. लढाई संपल्यावरच्या पहिल्या पौषात वहिनी मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेसाठी आमच्याकडे उतरल्या. भटजींच्या दुखण्यासाठी त्यांनी तिथल्या महादेवाला नवस बोलला होता. आम्ही दोघी आणि माझी सात वर्षांची मुलगी बैलगाडीने म्हशाला गेलो. बैलांचा बाजार, घोंगड्यांची दुकानं, धूळ. खेळण्यांच्या रांगेत एका दुकानाला लागून, घोंगडीवर, मालकीणबाई बसल्या होत्या.

आता जपानी बाहुल्या मिळत नव्हत्या. त्या शेजारच्याच दुकानातून लाकडी बैल आणि मातीची खेळणी घेत आणि त्याच्याच शेजारी बसून त्यांची भलती जनावरं करून विकत. त्या दुकानदाराने आधी भांडण काढलं होतं म्हणे. मग त्याच्या लक्षात आलं की आपला माल दुप्पट खपतोय. घोंगडीभोवती डोंगराकडच्या बायका बसल्या होत्या. त्यांच्यातली एक, वैशाखऱ्याची, एका जनावराकडे बोट दाखवून बाईंना सांगत होती, "असा नको गो. आमच्या रानात दिसतो त्याची शेपूट जाड असते नि तो पाठ वाकवून बसतो." बाई मन लावून ऐकत होत्या. नावं ठेवणारं कोणी नव्हतं. हातात बांगड्या नव्हत्या, पण एका सापाच्या अंगावर हिरव्या काचेच्या टिकल्या चमकत होत्या.

वहिनी लांब थांबल्या. पाठ करून घोंगड्या बघू लागल्या. मी वाकले.

"ओळखलंत?"

"हो. खिळेवाली." त्यांनी मुलीकडे बघितलं. "हीच ना ती? नीट हाय."

"बाई, त्या दिवशी मी खोटं बोलले."

"कोणत्या?"

"ओटीवर. वहिनींनी विचारलं तेव्हा."

त्यांनी सापाला गाठ मारली. "मग? खरं बोलली असतीस तर दोघींना आळीनं वाळीत टाकलं असतं. मग तुझं बाळंतपण मीच करत बसले असते. मला कुठला वेळ?" एवढं बोलून त्या त्या वैशाखऱ्याच्या बाईकडे वळल्या. "हां, किती जाड म्हणालीस शेपूट?"

मुलीने एक पंखवाला बैल घेतला. आम्ही निघालो.

गाडी परत मुरबाडच्या वाटेला लागली. मुलगी झोपली. सात वर्षं ते माझ्या मनात होतं आणि आता ज्यांना सांगायचं त्यांना सांगून झालं होतं, म्हणून असेल, माझी भीड चेपली. मी म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी कार्ड मीच वाचून दाखवलं होतं."

"ठाऊक आहे. तुझे कान लाल झाले होते."

"मला माहीत होतं, तरी मी त्यांच्या हातचं कुंकू लावून घेतलं."

गाडी एका ओढ्यात उतरून वर चढली. वहिनींनी शाल सावरली.

"मीही घेतलंच की," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला कुठे माहीत होतं?"

"त्र्यंबकच्या उपाध्यायांचं कार्ड त्याच टपालाने आमच्याकडे आलं होतं. ह्यांनी वाचलं आणि म्हणाले, तिचं तिला कळेल, आपण आपल्या तोंडाने कशाला सांगा. तू मात्र आज जाऊ नकोस."

"मग दुसऱ्या दिवशी मला कशाला विचारलंत?"

"सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी कोणाला तरी विचारायलाच हवं होतं."

"आणि आदल्या दिवशी? माहीत असून आलात कशा?"

वहिनींनी मुलीच्या हातातला बैल निसटत होता तो धरला. त्याचा एक पंख बोटाने उघडला, मिटला.

"तीन महिने ऐकत होते, बाहुली डोळे मिटते म्हणून," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी गेले नसते, तर परत कधी बघायला मिळालं असतं?"